मूत्रपिंड स्वीकारले, माणूस नाकारला

मूत्रपिंड बदलण्याच्या शस्त्रक्रियेचा विषय निघाला की पुरोगामी चळवळीतील कित्येक कार्यकर्त्यांच्या कपाळाला आठी पडते. ज्या देशात गावोगावच्या आरोग्य केंद्रांत साध्या तापाच्या गोळ्या वेळेवर मिळत नाहीत, तेथे एकाचे मूत्रपिंड दुसऱ्याच्या शरीरात बसवावे आणि ते टिकावे म्हणून प्रयोगशाळांनी वर्षानुवर्षे डोके खपवावे, हा श्रीमंतांचा चोचला होय, असे ते म्हणतात. दुसऱ्या टोकाला बाजारपेठेचे भाट उभे आहेत. औषध महाग आहे कारण संशोधन महाग आहे. खासगी भांडवलाने जोखीम पत्करली म्हणून हे चमत्कार घडले. ज्याला ते हवे असतील त्याने किंमत मोजावी. आणि मूत्रपिंडांचा तुटवडा असेल तर त्यांचाही रीतसर बाजार भरवावा, असा त्यांचा युक्तिवाद असतो. वरकरणी ही दोन मते परस्परांच्या विरुद्ध दिसतात. परंतु हे विज्ञान धनिकांचे आहे, या एका गोष्टीवर दोघांचेही एकमत आहे. एकाने ते तुच्छतेने सोडून दिले आहे, दुसऱ्याने ते हक्काने बळकावले आहे. समाजवादी विचाराला या दोहोंपैकी काहीही मान्य होण्यासारखे नाही.

प्रथम चोचल्याच्या आक्षेपाचा विचार करू. मूत्रपिंड निकामी होण्याचा रोग बंगल्यांतच वस्तीला असतो, हा समज वस्तुस्थितीला धरून नाही. निकाराग्वा आणि एल साल्वादोर या देशांतील उसाच्या मळ्यांत राबणारे तरुण मजूर या रोगाने मोठ्या संख्येने दगावले आहेत. त्यांना मधुमेह नव्हता, रक्तदाब नव्हता. उन्हातले अतिश्रम आणि शरीरातले पाणी आटणे यांकडे संशोधक बोट दाखवतात. आंध्र प्रदेशातील श्रीकाकुलम जिल्ह्याचा उद्दानम हा भाग अशाच अज्ञात कारणाच्या मूत्रपिंडरोगाने पोखरला गेला आहे, आणि तेथील रुग्ण प्रामुख्याने शेतकरी आणि शेतमजूर आहेत. भारत सरकारच्याच अंदाजानुसार या देशात दरवर्षी सुमारे २ लाख २० हजार नव्या रुग्णांची मूत्रपिंडे पूर्णपणे निकामी होतात. २०२३ साली देशभरात झालेली मूत्रपिंड प्रत्यारोपणे मात्र १३ हजारांच्या थोडी वर होती. उरलेल्यांपैकी ज्यांना डायलिसिस लाभते, त्यांना आठवड्यातून दोनदा-तीनदा तासन् तास यंत्राला बांधून घ्यावे लागते. रोजंदारीवर जगणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ आठवड्यातील निम्मी मजुरी बुडणे, आणि अखेरीस काम सुटणे असाच होतो. माणसाला पुन्हा शेतात, कारखान्यात उभे करणारा उपाय एकच आहे, तो म्हणजे प्रत्यारोपण. तेव्हा हा प्रश्न कष्टकऱ्यांचा नाही असे म्हणणे, म्हणजे कष्टकऱ्यांनी आपले मरण निमूट मान्य करावे असे सांगणे होय. रोग होऊ नये म्हणून लढलेच पाहिजे. परंतु ज्याला तो झाला आहे त्याने त्या लढ्याच्या विजयाची वाट पाहत बसावे काय?

आता या संशोधनाचे स्वरूप पाहू. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये भाजलेल्या माणसांचा प्रश्न उभा राहिला. दुसऱ्याची कातडी लावून जखम झाकावी, तर ती काही दिवसांत गळून पडे. ग्लासगोच्या रुग्णालयात शल्यविशारद थॉमस गिब्सन आणि जीवशास्त्रज्ञ पीटर मेडावार यांनी १९४३ साली असे दाखवून दिले की त्याच दात्याची कातडी दुसऱ्यांदा लावली तर ती पहिल्यापेक्षा लवकर गळते. याचाच अर्थ असा की शरीर परक्याला ओळखते आणि ती ओळख लक्षात ठेवते. जी प्रतिकारशक्ती देवीच्या आणि क्षयाच्या जंतूंशी झुंजते, तीच परक्या अवयवावर तुटून पडते. पुढे १९५३ साली मेडावार, बिलिंगहॅम आणि ब्रेंट यांनी उंदरांवरील प्रयोगांनी सिद्ध केले की जन्माआधीच परक्या पेशींची ओळख करून दिली, तर तो उंदीर मोठेपणी त्या दात्याची कातडी नाकारत नाही. ही भिंत अभेद्य नाही, हे त्या दिवशी कळले. १९६० साली मेडावार यांना मॅकफार्लेन बर्नेट यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

२३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टन येथे जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्याला बसवले आणि ते टिकले. कारण एकरूप जुळ्यांच्या शरीरांना परस्परांत परके असे काही दिसत नाही. परंतु ज्यांना जुळे भावंड नाही अशा कोट्यवधींचे काय? याचे उत्तर प्रयोगशाळेने टप्प्याटप्प्याने दिले. रक्ताच्या कर्करोगावर योजलेल्या ६-मर्कॅप्टोप्युरीनने सशांमधील प्रतिकारक्रिया मंदावते, हे श्वार्ट्झ आणि डॅमेशेक यांनी १९५९ साली दाखवले. रॉय काल्न यांनी ते कुत्र्यांच्या मूत्रपिंडांवर तपासले. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांनी त्यापासूनच अझाथायोप्रीन घडवले, आणि स्टेरॉइडची जोड मिळाल्यावर १९६० च्या दशकात नात्यागोत्यातील प्रत्यारोपणे शक्य झाली. त्यानंतर आले सायक्लोस्पोरीन. नॉर्वेच्या हार्डांगरव्हिडा पठारावरील मातीत सापडलेल्या एका बुरशीतून ते निघाले. बाझेल येथील सांडोझ कंपनीच्या प्रयोगशाळेत १९७२ साली त्याचा गुण ध्यानात आला आणि १९७८ साली काल्न यांनी केंब्रिजमध्ये ते रुग्णांना दिले. प्रतिकारशक्तीच्या सैन्यातील टी-पेशी परक्याला पाहून जी हाक घालतात, ती हाकच हे औषध दाबून टाकते; बाकीचे सैन्य बऱ्याच अंशी शाबूत राहते. मृत दात्याच्या मूत्रपिंडांपैकी पहिले वर्ष पार करणाऱ्यांचे प्रमाण पूर्वी निम्म्याच्या आसपास रेंगाळत होते. ते ऐंशी टक्क्यांच्या घरात गेले.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे की बाजारपेठेचे भाट तो कधीच पुरता सांगत नाहीत. एलियन आणि बोरेल हे कंपन्यांच्या प्रयोगशाळांत काम करीत होते, हे खरेच आहे, आणि त्यांच्या बुद्धीला व चिकाटीला कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु ज्या पायावर त्यांनी इमारत उभी केली तो पाया सार्वजनिक पैशातून घातला गेला होता. मेडावार यांच्या युद्धकालीन कामामागे ब्रिटनची सरकारी वैद्यक संशोधन परिषद होती. सायक्लोस्पोरीन प्रथम ज्यांच्यावर तपासले गेले ते ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेचे रुग्ण होते. एकाच जातीची हवी तितकी प्रतिपिंडे तयार करण्याचे तंत्र कोहलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ साली केंब्रिजच्या सरकारी प्रयोगशाळेत शोधले; त्यावर एकस्वही घेतले गेले नाही. मग १९८६ साली अमेरिकेत प्रत्यारोपणाच्या रुग्णांसाठी मान्यता मिळालेले अशा प्रकारचे पहिले औषध विकले कोणी? एका बड्या औषध कंपनीने! समाज पेरतो आणि भांडवल कापणी करते, याहून निराळे काय घडले?

रॅपामायसिनची कहाणी तर याहून बोलकी आहे. १९६४ साली एक कॅनेडियन वैद्यकीय पथक पॅसिफिक महासागरातील रापा नुई या बेटावर गेले आणि तेथील मातीचे नमुने घेऊन आले. मॉन्ट्रियल येथील आयर्स्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ सुरेन सहगल आणि त्यांचे सहकारी यांनी त्या मातीतील जिवाणूंपासून एक बुरशीनाशक द्रव्य वेगळे केले. पुढे कंपनीने ती प्रयोगशाळा बंद केली आणि या द्रव्यात फायदा दिसत नाही म्हणून काम थांबवले. सहगल यांनी त्या जिवाणूंचा साठा स्वतःच्या घरच्या फ्रीझरमध्ये जपून ठेवला. काही वर्षांनी कंपनीचे विलीनीकरण झाल्यावर काम पुन्हा सुरू झाले आणि १९९९ साली तेच द्रव्य मूत्रपिंडाचा अस्वीकार रोखणारे औषध म्हणून अमेरिकेत मान्य झाले. भांडवलाच्या दूरदृष्टीचे गोडवे गाणाऱ्यांनी सांगावे, की येथे दूरदृष्टी कोणाची होती? नफ्याचा हिशेब मांडणाऱ्यांनी जे कचऱ्यात टाकले, ते एका पगारी शास्त्रज्ञाच्या निष्ठेने वाचवले. आणि ज्यांच्या पायाखालची ती माती होती, त्या रापा नुईच्या रहिवाशांना त्या नफ्यातला छदामही मिळाला नाही.

मातीतून औषध शोधण्याची ही विद्या महाराष्ट्राला अपरिचित नव्हती. १९५४ साली सार्वजनिक क्षेत्रात उभ्या राहिलेल्या पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सने केवळ पेनिसिलीनच्या बाटल्या भरल्या नाहीत. तेथील संशोधकांनी पिंपरीच्याच मातीतील जिवाणूपासून हामायसिन हे बुरशीनाशक शोधले. रॅपामायसिनचा आरंभही बुरशीनाशक म्हणूनच झाला होता, हे येथे ध्यानात घ्यावे. ज्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत ही क्षमता होती, तो पुढच्या काळात आजारी पडू दिला गेला, आणि डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याची जमीन विकून देणी भागवण्याचा व नंतर तो विक्रीस काढण्याचा निर्णय घेतला. कामगारांनी घडवलेल्या विज्ञानाची किंमत जमिनीच्या चौरस फुटांत करण्यात आली.

परंतु खरा अनर्थ याहून मोठा आहे. सायक्लोस्पोरीन येण्यापूर्वी मूत्रपिंड द्यायचे तर आई, बाप, भाऊ, बहीण यांनीच द्यावे लागे. परक्याचे मूत्रपिंड टिकण्याची आशा फार कमी असे. नव्या औषधाने ही अट सैल केली. मानवजातीच्या दृष्टीने हा केवढा विजय! कोणाही माणसाचा अवयव कोणाही माणसाला जीवन देऊ शकतो, जात, वंश, रक्ताचे नाते यांचा अडसर उरत नाही, हे विज्ञानाने सिद्ध केले. समतेच्या विचाराला याहून सुंदर पुरावा कोठे मिळणार? पण हा विजय विषम समाजात अवतरला, आणि त्या समाजाने त्याचे काय केले? आता पैसेवाल्याला आपल्या मुलाचे मूत्रपिंड मागण्याची गरज उरली नाही. ते झोपडपट्टीत विकत मिळू लागले. १९८० च्या दशकात मद्रास आणि मुंबई ही शहरे मूत्रपिंडांच्या व्यापाराची केंद्रे म्हणून जगभर कुप्रसिद्ध झाली. मद्रासच्या विल्लिवाक्कम वस्तीला लोक ‘किडनीवाक्कम’ म्हणू लागले. प्रतिकारशक्तीची भिंत पडली, आणि त्याच खिंडारातून दलाल आत शिरला.

या सौद्यात विकणाऱ्याचे कल्याण झाले काय? मूत्रपिंड विकलेल्या चेन्नईतील ३०५ जणांची पाहणी २००२ साली अमेरिकन वैद्यक परिषदेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ९६ टक्के लोकांनी कर्ज फेडण्यासाठी मूत्रपिंड विकले होते. सरासरी १,०७० डॉलर त्यांच्या हाती पडले. त्यानंतर त्यांच्या कुटुंबाचे उत्पन्न एक तृतीयांशाने घटले, सुमारे तीन चतुर्थांश लोक कर्जात होते तसेच राहिले, आणि ८६ टक्के लोकांनी प्रकृती ढासळल्याचे सांगितले. सावकार तोच, कर्ज तेच. फक्त शरीरातला एक अवयव गेला आणि काम करण्याची ताकद घटली.

१९९४ साली अवयव प्रत्यारोपणाचा कायदा झाला आणि पुढच्या वर्षी तो महाराष्ट्र, गोवा व हिमाचल प्रदेशात प्रथम लागू झाला. विक्री गुन्हा ठरली. पण ‘प्रेम किंवा जिव्हाळ्यापोटी’ परक्याने दान करण्याची मुभा मंजुरी समितीच्या संमतीने ठेवण्यात आली. मालकाबद्दल नोकराच्या मनात, सावकाराबद्दल ऋणकोच्या मनात असा जिव्हाळा कागदोपत्री उत्पन्न करणे दलालांना मुळीच जड गेले नाही. शिवाय २०११ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला ५ ते १० वर्षांची कैद आणि २० लाखांपासून १ कोटीपर्यंत दंड आहे, आणि तो विकणाऱ्यालाही लागू होतो. ज्याने हजारांच्या कर्जापायी शरीर कापून दिले, त्याच्याकडे कायदा लाखांचा दंड मागतो!

यावर बाजारवाद्यांचा तोडगा तयार आहे. १९९२ चे नोबेल पारितोषिक मिळालेले शिकागोचे अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी एका सहकाऱ्यासह २००७ साली हिशेब मांडला की जिवंत दात्याच्या मूत्रपिंडाला सुमारे १५ हजार डॉलर भाव दिला तर तुटवडा संपेल. विकणारा खुशीने विकतो, घेणारा खुशीने घेतो, मग तिसऱ्याचे काय बिघडले, असा त्यांचा सवाल. समाजवाद्यांना हा सवाल नवा नाही. बारा तासांच्या पाळीचे समर्थनही गिरणीमालक असेच करीत: मजूर खुशीने येतो! ज्याच्यापुढे उपाशी राहणे किंवा विकणे एवढेच दोन मार्ग आहेत, त्याच्या होकाराला खुशी म्हणणे ही अर्थशास्त्राची भाषा असेल, माणुसकीची नव्हे. इराणमध्ये १९८८ पासून मोबदला देऊन मूत्रपिंड मिळवण्याची अधिकृत व्यवस्था आहे. तेथेही विकणारे गरीबच असतात. याउलट स्पेनने १९८९ साली राष्ट्रीय संघटना उभारली, सार्वजनिक रुग्णालयांत प्रशिक्षित समन्वयक नेमले, आणि मृत दात्यांच्या अवयवांच्या बळावर जगात अग्रस्थान मिळवले. तुटवडा बाजाराने नव्हे तर संघटनेने हटतो, याचा हा धडधडीत दाखला आहे.

घरातील दानाची कथाही निराळी नाही. या देशात जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांत स्त्रियांची बहुसंख्या आहे आणि घेणाऱ्यांत पुरुषांची. आई देते, बायको देते; तिचे स्वतःचे मूत्रपिंड निकामी झाले तर देणारा क्वचितच पुढे येतो. जिला ‘त्याग’ म्हणून गौरवले जाते ती गोष्ट कित्येकदा कुटुंबातल्या सत्तेने काढलेली वसुली असते. प्रयोगशाळेने रक्ताच्या नात्याचे बंधन सैल केले; पुरुषी वर्चस्वाचे बंधन ती सैल करू शकत नाही, ते काम चळवळीचे आहे.

शस्त्रक्रिया पार पडली म्हणजे सारे संपले असेही नाही. शरीर परक्याला विसरत नाही. म्हणून औषध रोज, आयुष्यभर घ्यावे लागते. रक्तातील त्याचे प्रमाण मोजावे लागते, कारण कमी पडले तर मूत्रपिंड नाकारले जाते आणि जास्त झाले तर सायक्लोस्पोरीनसारखे औषध त्याच मूत्रपिंडाला इजा करते. पैसे नाहीत म्हणून मजुराने गोळ्या निम्म्या केल्या की त्याच्या पेशी बंड करून उठतात. हे अमेरिकेसारख्या कुबेराच्या देशातही घडले. तेथील सरकारने १९७२ च्या कायद्याने डायलिसिस व प्रत्यारोपण यांचा भार उचलला. पण पासष्टीच्या आतील आणि अन्यथा अपंग नसलेल्या रुग्णांची औषधे ३६ महिन्यांनंतर बंद केली. औषधाअभावी मूत्रपिंड गेले की सरकार पुन्हा डायलिसिसचा, औषधाहून कितीतरी मोठा, खर्च करायला तयार! हा मूर्खपणा थांबवणारा कायदा डिसेंबर २०२० मध्ये झाला आणि जानेवारी २०२३ पासून अमलात आला.

भारतातील रुग्णाला जो थोडाफार आधार मिळाला, तो न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालामुळे आणि त्यावर बेतलेल्या १९७० च्या एकस्व कायद्यामुळे. औषधावर नव्हे, फक्त ते बनवण्याच्या पद्धतीवर एकस्व देणाऱ्या त्या कायद्याने भारतीय कारखान्यांना सायक्लोस्पोरीन, टॅक्रोलिमस यांसारखी औषधे येथेच बनवण्याची वाट मोकळी केली. जागतिक व्यापार संघटनेच्या दडपणाखाली २००५ साली ती वाट अडवण्यात आली. तरीही संसदेतील डाव्या पक्षांच्या आग्रहामुळे कायद्यात राहिलेल्या तरतुदी निकामी नाहीत. जुन्या औषधाला नवे रूप देऊन मक्तेदारी लांबवण्याचा नोव्हार्टिसचा प्रयत्न सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी हाणून पाडला. ही नोव्हार्टिस म्हणजे सायक्लोस्पोरीनवाल्या सांडोझचीच वारसदार होय. त्याआधी मार्च २०१२ मध्ये कर्करोगावरील एका औषधासाठी सक्तीचा परवानाही देण्यात आला होता. शस्त्र म्यानात आहे. ते उपसण्याची इच्छा सरकारला नाही.

आज प्रयोगशाळांपुढील खरे ध्येय निराळे आहे: औषधाविना शरीराने परक्या मूत्रपिंडाला आपले मानावे, म्हणजे मेडावार यांच्या उंदरांत जे घडले ते माणसात घडावे. २००८ साली बोस्टनच्या डॉक्टरांनी मूत्रपिंडाबरोबर दात्याची अस्थिमज्जाही दिलेल्या पाच रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांपैकी चौघांची औषधे बंद करता आली होती. अहमदाबादच्या सरकारी अनुदानावर चालणाऱ्या संस्थेत दिवंगत डॉ. हरगोविंद त्रिवेदी यांनीही याच दिशेने वर्षानुवर्षे प्रयत्न केले, आणि त्यांमागे गरीब रुग्णाला औषधाचा खर्च झेपत नाही ही जाणीव होती. ही वाट बिकट आहे, सर्वांसाठी ती अजून खुली झालेली नाही. पण एक प्रश्न विचारलाच पाहिजे. जी गोळी रोज विकली जाते, तिची गरजच संपवणाऱ्या संशोधनावर गोळीचा विक्रेता मनापासून पैसा ओतील काय? उलट खासगी भांडवलाचा ओढा कोठे आहे ते पाहा. मार्च २०२४ मध्ये बोस्टन येथे ६९ जनुकीय बदल केलेल्या डुकराचे मूत्रपिंड जिवंत माणसाला बसवण्यात आले, आणि ते डुक्कर एका खासगी कंपनीने तयार केले होते. हा शोध मोठाच आहे. पण उद्या अवयवाचाच कारखाना निघाला, तर त्या कारखान्याचा मालक कोण, हा प्रश्न आजच विचारावा लागेल.

तेव्हा कार्यकर्त्यांनी या विषयाकडे पाठ फिरवणे सोडून पुढील मागण्या हाती घेतल्या पाहिजेत. प्रत्यारोपण झालेल्या प्रत्येक रुग्णाला आयुष्यभर औषधे आणि रक्ततपासणी सरकारी रुग्णालयातून विनामूल्य मिळावी. तमिळनाडूने आपल्या सरकारी रुग्णालयांतील रुग्णांसाठी हे करून दाखवले आहे. ही औषधे सार्वजनिक क्षेत्रात तयार व्हावीत, आणि जेथे एकस्व आडवे येईल तेथे सक्तीचा परवाना वापरावा. मृत दात्यांचे अवयव मिळवण्याची यंत्रणा जिल्हा रुग्णालयांपर्यंत न्यावी व त्यांचे वाटप सार्वजनिक यादीनुसारच व्हावे. विकणाऱ्या गरिबाला शिक्षेतून वगळून दलाल, डॉक्टर आणि खरेदीदार यांच्यावर खटले भरावेत. आणि औषधमुक्त प्रत्यारोपणाच्या संशोधनासाठी सरकारी प्रयोगशाळांना पुरेसा पैसा मिळावा.

परक्याला आपले मानायला शरीराला कसे शिकवावे, याचा शोध विज्ञान गेली ऐंशी वर्षे घेत आहे आणि त्यात त्याने मोठी मजल मारली आहे. आज जे नाकारले जाते ते मूत्रपिंड नव्हे. औषधाच्या दुकानापुढे रिकाम्या हाताने उभा असलेला माणूस नाकारला जातो. त्या नकारावरचे औषध कोणत्याही प्रयोगशाळेत तयार होणार नाही. ते संघटित कष्टकरी जनतेलाच तयार करावे लागेल.